मद्यप्राशन व वाहनचालन

मद्य अथवा अन्य मादक पदार्थ यांचे सेवन करून यांत्रिक वाहन चालविणे किंवा चालविण्याचा प्रयत्न करणे, हा बहुतेक देशांच्या कायद्यांत स्वतंत्र फौजदारी अपराध मानण्यात आला आहे. तो सिद्ध होण्यास अपघात घडलेला असणे किंवा कोणास इजा झालेली असणे आवश्यक नसते. विशिष्ट शारीरिक स्थितीत वाहनाचा ताबा घेणे, एवढेच पुरेसे असते. या अपराधासंबंधीच्या कायद्याचा इतिहास म्हणजे ‘मनुष्य झिंगलेला दिसत होता काय’ या प्रश्नाकडून ‘त्याच्या रक्तात किती मद्यार्क होता’ या प्रश्नाकडे झालेला प्रवास होय. अपराधाची व्याख्या अशा रीतीने मापनावर आधारली गेल्यामुळे कायद्याचे यश हे शिक्षेच्या कठोरपणापेक्षा मापन किती वेळा, किती लवकर आणि किती निर्दोषपणे केले जाते, यावर अवलंबून राहते.

शरीरावरील परिणाम : मद्यातील एथिल अल्कोहॉल अथवा मद्यार्क जठरातून व मुख्यतः लहान आतड्यातून सरळ रक्तात शोषला जातो. पोट रिकामे असल्यास हे शोषण जलद होते. सामान्यतः प्राशनानंतर अर्ध्या ते दीड तासात रक्तातील मद्यार्काचे प्रमाण कमाल पातळीस पोहोचते. त्यानंतर यकृतात त्याचे ऑक्सिडीभवन होऊन ते हळूहळू उतरू लागते. या उताराचा वेग व्यक्तिपरत्वे भिन्न असतो. तथापि तो दर १०० मिलि. रक्तामागे ताशी सु. १० ते २० मिग्रॅ. एवढाच असतो. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याचे स्नान इ. लोकप्रिय उपायांनी हा वेग वाढत नाही. रक्तातील प्रमाण ९० मिग्रॅ. असलेल्या व्यक्तीस ते ३० मिग्रॅ. पर्यंत उतरण्यास ताशी १५ मिग्रॅ. या हिशेबाने चार तास लागतात. रात्री उशिरापर्यंत मद्यपान केलेला मनुष्य सकाळी कामावर निघताना स्वतःला शुद्धीवर समजत असला, तरी त्याचे रक्त कायद्याच्या मर्यादेपलीकडे असू शकते, ते यामुळेच.

मद्यार्काचा परिणाम प्रथम मेंदूच्या उच्च कार्यांवर होतो. अंतर व वेग यांचा अंदाज चुकतो, प्रतिक्रियेस विलंब लागतो, दोन गोष्टींकडे एकाच वेळी लक्ष ठेवणे अवघड होते आणि त्याच वेळी आत्मविश्वास मात्र वाढतो. पाय लटपटणे, जीभ जड होणे ही उघड लक्षणे बऱ्याच नंतर, प्रमाण पुष्कळ वाढल्यावर दिसू लागतात. मद्यपानाची सवय असलेल्या व्यक्तीत तर ती फार उशिरा दिसतात. म्हणजे वाहन चालविण्यास मनुष्य अपात्र ठरतो तो पाहणाऱ्यास झिंगलेला वाटण्याच्या कितीतरी आधी. केवळ दृश्य लक्षणांवर विसंबणारा कायदा अपुरा पडतो, याचे हे मूळ कारण आहे.

इतिहास : मोटारगाडी येण्यापूर्वीच हा अपराध अस्तित्वात होता. ब्रिटनमधील १८७२ च्या परवानाविषयक अधिनियमात रस्त्यावर गाडी, घोडा, गुरे किंवा वाफेचे एंजिन ताब्यात असताना नशेत असणाऱ्यास शिक्षा सांगितली होती. सप्टेंबर १८९७ मध्ये लंडन येथे विजेवर चालणाऱ्या टॅक्सीचा एक चालक नशेत इमारतीवर आदळला. मोटार चालविताना नशेत असल्याबद्दल दोषी ठरलेली ही पहिली व्यक्ती समजली जाते. या काळात पुरावा म्हणजे पोलिसाची वा डॉक्टरची साक्ष असे. चालकाच्या तोंडाला वास येत होता, तो सरळ रेषेत चालू शकत नव्हता, अशा स्वरूपाच्या या साक्षीस अपघाताचा धक्का, आजार किंवा थकवा यांचे कारण पुढे करून सहज उत्तर देता येत असे.

स्वीडिश शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांनी १९२२ मध्ये बोटाच्या टोकातून घेतलेल्या अल्प रक्तातील मद्यार्क मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढे शरीराचे वजन, प्राशन केलेले मद्य व गेलेला काळ यांचे गणित मांडले. या संशोधनामुळे कायद्यात आकड्याला स्थान मिळाले. १९३६ मध्ये नॉर्वेने दर १०० मिलि. रक्तात सु. ५० मिग्रॅ. मद्यार्क ही मर्यादा कायद्याने ठरविली. तीपलीकडे गेलेला चालक नशेत दिसत होता की नव्हता, हा प्रश्नच उरला नाही. १९४१ मध्ये स्वीडनने अशीच तरतूद केली.

अमेरिकेत रोला हार्गर यांनी १९३० नंतरच्या दशकात श्वासावरून मद्यार्काचा अंदाज घेणारे उपकरण तयार केले आणि १९५४ मध्ये इंडियाना राज्याच्या पोलीस दलातील रॉबर्ट बॉर्केनस्टाइन यांनी रस्त्यावर नेता येण्याजोगे श्वासविश्लेषक यंत्र बनविले. बॉर्केनस्टाइन यांच्याच मार्गदर्शनाखाली १९६२–६३ मध्ये मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथे अपघातात सापडलेले चालक आणि त्याच ठिकाणांवरून जाणारे इतर चालक यांची तुलना करण्यात आली. रक्तातील प्रमाण ५० मिग्रॅ. ओलांडल्यावर अपघाताचा संभव वाढू लागतो आणि १५० मिग्रॅ. च्या आसपास तो सु. पंचवीसपट होतो, असे तीत आढळले. पुढील अनेक देशांच्या कायद्यांस या पाहणीचा आधार मिळाला. ब्रिटनने १९६७ च्या रस्ता सुरक्षा अधिनियमाने ८० मिग्रॅ. ची मर्यादा व श्वासचाचणी यांचा अंगीकार केला.

मापनाची साधने : फुप्फुसांतील वायुकोशांत रक्त व हवा यांचा निकट संपर्क येतो, त्यामुळे रक्तातील मद्यार्काचा ठराविक अंश उच्छ्‌वासात उतरतो. रक्तातील मद्यार्क हा तेवढ्याच आकारमानाच्या खोल उच्छ्‌वासातील मद्यार्काच्या सु. २,१०० पट असतो, असे गृहीत धरून यंत्र आकडा दाखविते. आधुनिक यंत्रांत विद्युत् रासायनिक घट असून त्यात मद्यार्काच्या ऑक्सिडीभवनाने निर्माण होणारा विद्युत् प्रवाह मोजला जातो. नुकताच घोट घेतला असल्यास किंवा मद्यार्कयुक्त द्रवाने चूळ भरली असल्यास तोंडातील अवशेषांमुळे आकडा फुगतो, म्हणून सु. १५ मिनिटे थांबून चाचणी घेणे इष्ट असते. यंत्राचे वेळोवेळी अंशशोधन झालेले असणे, हीही अत्यावश्यक अट होय.

रक्तचाचणी अधिक अचूक असली, तरी तिचीही पथ्ये आहेत. सुई टोचण्यापूर्वी त्वचा स्पिरिटाने पुसावयाची नसते. नमुन्यात सोडियम फ्ल्युओराइडासारखे परिरक्षक मिसळावे लागते. अन्यथा सूक्ष्मजंतूंमुळे मद्यार्काचे प्रमाण बदलते. बाटलीवर मोहोर, नमुना घेतल्याची वेळ आणि तो कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची अखंड नोंद हवी. प्रयोगशाळेत वायुवर्णलेखन पद्धतीने विश्लेषण केले जाते.

भारतातील कायदा : महाराष्ट्रापुरते पाहता रक्तातील मद्यार्काचे प्रमाण कायद्यात प्रथम आले ते रस्ता सुरक्षेसाठी नव्हे, तर दारूबंदीसाठी. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ यात १९५९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने संशयिताची वैद्यकीय तपासणी व रक्तचाचणी यांची तरतूद झाली. रक्तात ०·०५ टक्के, म्हणजे दर १०० मिलि. मध्ये ५० मिग्रॅ. वा अधिक मद्यार्क आढळल्यास तो औषधातून किंवा अन्य निर्दोष मार्गाने आला, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर टाकण्यात आली. मोटार वाहन अधिनियम, १९३९ याच्या मूळ कलम ११७ मध्ये मात्र ‘वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ होईल इतपत’ मद्याचा अंमल असणे, ही जुनी कसोटीच होती. महाराष्ट्रातून आलेल्या एका अपिलात १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की तोंडाला येणारा वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणे व विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मद्यप्राशन सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. त्यासाठी रक्त किंवा मूत्र यांची तपासणी व्हावयास हवी होती.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम १८५ मध्ये प्रारंभी रक्तातील मद्यार्काचे कोणतेही, कितीही अल्प प्रमाण अपराध ठरविले होते. १९९४ च्या दुरुस्तीने त्याऐवजी श्वासविश्लेषकाच्या चाचणीत दर १०० मिलि. रक्तात ३० मिग्रॅ. हून अधिक मद्यार्क आढळणे, ही मर्यादा आली. अमली पदार्थांच्या बाबतीत अशी संख्यात्मक मर्यादा नसून योग्य ताबा ठेवण्याची असमर्थता हीच कसोटी आहे. १९९४ च्या शब्दरचनेत केवळ श्वासविश्लेषकाचा उल्लेख असल्याने, रस्त्यावर श्वासचाचणी झाली नसेल तर रक्ताचा अहवाल पुरेसा ठरतो काय, असा वाद न्यायालयांत उपस्थित होत असे. २०१९ च्या दुरुस्तीने ‘प्रयोगशाळेतील चाचणीसह अन्य कोणतीही चाचणी’ असे शब्द घालून तो मिटविण्यात आला.

पोलिसांचे अधिकार : कलम २०३ अन्वये गणवेशातील पोलीस अधिकारी किंवा मोटार वाहन विभागाचा प्राधिकृत अधिकारी, चालकाने हा अपराध केल्याचा संशय घेण्यास वाजवी कारण असेल, तर त्यास जागीच किंवा जवळपास श्वासाचा नमुना देण्यास सांगू शकतो. अपघातानंतर चालक रुग्णालयात असल्यास तेथेही, उपचार करणाऱ्या डॉक्टरांची हरकत नसेल तर, चाचणी घेता येते. चाचणीत मद्यार्क आढळल्यास किंवा चालकाने नकार दिल्यास अधिपत्राशिवाय अटक करता येते. मात्र अंतर्रुग्ण म्हणून दाखल असलेल्या व्यक्तीस रुग्णालयात अशी अटक करता येत नाही. कलम २०४ नुसार पोलीस ठाण्यात नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाकडून रक्ताचा नमुना घेतला जातो. स्त्रीच्या बाबतीत तो स्त्री वैद्यकाने किंवा स्त्रीच्या उपस्थितीत घेणे बंधनकारक आहे. वाजवी कारणाशिवाय नमुना देण्याचे नाकारल्यास तो नकार कलम २०५ प्रमाणे आरोपीविरुद्धच्या पुराव्यास पुष्टी देणारा मानता येतो. कलम २०२ मधील एक अट विशेष महत्त्वाची आहे : अटक केल्यापासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी न झाल्यास त्या व्यक्तीस कोठडीतून मुक्त करावे लागते.

ही अट आरोपीच्या स्वातंत्र्याचे रक्षण करते, तशीच ती मापनाच्या गरजेशीही सुसंगत आहे. अपघाताच्या वेळी ४५ मिग्रॅ. प्रमाण असलेल्या चालकाचे रक्त दोन तासांनी घेतल्यास, ताशी १५ मिग्रॅ. या हिशेबाने त्यात सु. १५ मिग्रॅ. च मद्यार्क सापडेल आणि अपराध घडूनही तो सिद्ध होणार नाही. शरीरातील नमुना सक्तीने घेणे हे स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडणे होते, असा आक्षेप अनेकदा घेतला गेला आहे. तथापि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने हस्ताक्षर, बोटांचे ठसे इ. नमुने देणे म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २० (३) मधील अर्थाने ‘साक्षीदार होणे’ नव्हे, असे ठरविले. रक्ताच्या नमुन्याच्या बाबतीतही याच तत्त्वाचा आधार घेतला जातो.

शिक्षा : १ सप्टेंबर २०१९ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रु. दंड अथवा दोन्ही, आणि दुसऱ्या वा नंतरच्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रु. दंड अथवा दोन्ही, अशा शिक्षा आहेत. यापूर्वी दंडाची कमाल मर्यादा अनुक्रमे २,००० व ३,००० रु. होती. हा अपराध जागेवर रक्कम भरून मिटविता येत नाही. चालकास न्यायालयापुढे जावे लागते. दोषी ठरल्यास न्यायालयाने किमान सहा महिन्यांसाठी वाहन चालविण्याचा परवाना धारण करण्यास त्याला अपात्र ठरवावे, अशी कलम २० मध्ये तरतूद आहे. नशेतील व्यक्तीस वाहन चालविण्यास प्रोत्साहन देणारा कलम १८८ नुसार अपप्रेरणेबद्दल शिक्षेस पात्र होतो. जपानने २००७ मध्ये याही पुढे जाऊन अशा चालकास मद्य पुरविणारा, वाहन देणारा आणि जाणूनबुजून त्याच्याबरोबर प्रवास करणारा, या सर्वांसाठी स्वतंत्र शिक्षा ठरविल्या.

मद्यपी चालकाच्या हातून मृत्यू घडल्यास सामान्य दंडविधान लागू होते. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईतील वांद्रे येथील कार्टर रस्त्यावर पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावरून मोटार जाऊन सात जण मृत्युमुखी पडले व आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०·११२ टक्के, म्हणजे कायदेशीर मर्यादेच्या जवळजवळ चौपट मद्यार्क आढळला. सत्र न्यायालयाने हयगयीने मृत्यू घडविल्याबद्दल सहा महिन्यांची कैद दिली. मुंबई उच्च न्यायालयाने हा सदोष मनुष्यवध ठरवून शिक्षा तीन वर्षांपर्यंत वाढविली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मद्य पिऊन बेफाम वेगाने वाहन चालविणाऱ्यास आपल्या कृत्याने मृत्यू ओढवण्याचा संभव आहे याची जाणीव असते, असे परिस्थितीवरून अनुमान काढता येते, हे या निर्णयाचे सूत्र होय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हयगयीने मृत्यू घडविण्याची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेण्यात आली. सदोष मनुष्यवधासंबंधीची तरतूद कलम १०५ मध्ये आहे.

विम्याच्या दृष्टीनेही मद्यप्राशन महत्त्वाचे ठरते. चालक मद्याच्या अंमलाखाली असल्यास वाहनाच्या नुकसानीची भरपाई नाकारण्याची शर्त सामान्यतः विमापत्रात असते. चाचणी झाली नसली तरी अन्य परिस्थितीजन्य पुराव्यावरून मद्याचा अंमल दाखविता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विम्याच्या एका वादात दिला. फौजदारी खटल्यात लागते तेवढ्या निर्विवाद सिद्धतेची येथे गरज नसते, हा दोहोंतील भेद ध्यानात घ्यावयास हवा.

अंमलबजावणी व परिणामकारकता : ब्रिटनमध्ये १९६७ चा कायदा मोठ्या प्रसिद्धीनंतर लागू झाला, तेव्हा पहिल्या वर्षी रस्त्यांवरील मृत्यू हजाराहून अधिक संख्येने घटले. तथापि काही वर्षांतच ही घट ओसरली. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ लॉरेन्स रॉस यांनी याची मीमांसा करताना दाखविले, की प्रारंभी पकडले जाण्याची जी भीती वाटली होती, ती प्रत्यक्षात फारशी खरी नाही, हे चालकांना अनुभवाने कळले. शिक्षा तीच राहिली. तिची निश्चिती मात्र उरली नाही. याउलट ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने डिसेंबर १९८२ पासून कोणताही संशय नसतानाही कोणत्याही चालकाची श्वासचाचणी घेण्यास प्रारंभ केला आणि ती वर्षानुवर्षे मोठ्या प्रमाणावर चालू ठेवली. तेथील रस्त्यांवरील वार्षिक मृत्युसंख्या सु. १,२५० वरून पुढल्याच वर्षी हजाराच्या खाली आली व घटीचा हा परिणाम टिकून राहिला.

भारतीय कायद्यास वाजवी संशयाची पूर्वअट असल्याने अशी सरसकट चाचणी त्यात स्पष्टपणे अभिप्रेत नाही. प्रत्यक्षात शहरांतील पोलीस नाकाबंदी करून वाहने थांबवितात आणि बोलण्याच्या ओघात वास आल्यास यंत्र पुढे करतात. मुंबई वाहतूक पोलिसांनी २००७ पासून ही मोहीम नेटाने चालविली आणि महानगरातील न्यायालयांनी काही काळ कैदेच्या शिक्षाही दिल्या. वर्षअखेरची रात्र, होळी इ. प्रसंगी अशा नाकाबंदीस विशेष जोर येतो. मात्र महामार्ग, तालुक्यांची गावे व ग्रामीण रस्ते येथे यंत्रे व मनुष्यबळ या दोहोंचा तुटवडा भासतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मी. च्या आत मद्यविक्रीस मनाई केली. पुढील वर्षी लहान वस्त्यांसाठी हे अंतर २२० मी. करण्यात आले आणि नगरपालिका क्षेत्रांतील परवान्यांना हा आदेश बाधक नसल्याचा खुलासा झाला. विक्रीचे ठिकाण दूर सारणे हा उपाय चाचणीस पूरक ठरू शकतो. तिची जागा तो घेऊ शकत नाही.

आकडेवारीही याच उणिवेकडे बोट दाखविते. २०२२ मध्ये भारतात रस्ता अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मरण पावल्या, त्यांपैकी सु. अडीच टक्के मृत्यूंचेच कारण मद्य वा अमली पदार्थ असे नोंदविले गेले. अपघातातील मृत चालकांचे रक्त नियमाने तपासणाऱ्या अमेरिकेत हे प्रमाण सु. तीस टक्के आढळते. दोन्ही समाजांतील मद्यपानाचे प्रमाण भिन्न असले, तरी एवढी तफावत त्यामुळेच पडते असे म्हणणे कठीण आहे. जेथे चाचणी होत नाही, तेथे कारणही नोंदले जात नाही.

नमुना घेतल्यानंतरची साखळीही तितकीच नाजूक असते. मे २०२४ मध्ये पुणे येथील कल्याणीनगर भागात अल्पवयीन मुलाने चालविलेल्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, तेव्हा रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. त्या प्रकरणाचा अंतिम निकाल काहीही लागो, संपूर्ण अपराधाची सिद्धता एका लहानशा बाटलीवर कशी अवलंबून असते, हे त्यातून सर्वांच्या ध्यानात आले.

रक्तातील आकडा हा साक्षीदाराच्या मतापेक्षा विश्वसनीय असतो. तो निरपराध चालकास संशयातून मुक्त करतो, तसाच दोषी चालकाचे बहाणे व्यर्थ ठरवितो. पण हा आकडा ताशी उतरत जातो आणि वेळेवर न मोजल्यास कायमचा नाहीसा होतो. दंडाची रक्कम अनेक पटींनी वाढविणे विधिमंडळास एका दुरुस्तीने साधते. प्रत्येक अपघातानंतर त्वरित चाचणी, अंशशोधित यंत्रे, प्रशिक्षित कर्मचारी व सुरक्षित नमुने यांची व्यवस्था मात्र वर्षानुवर्षे राबवावी लागते. अन्य देशांचा अनुभव पाहता, रस्त्यावरील जीव वाचतात ते मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या प्रयत्नांनी.